कशाच्या तुलनेत? आफ्रिकेतली विद्यापीठं, उद्योजक घडवणं आणि एक लॉटरी

तुमच्यापैकी काही जण पेटची तयारी करत असतील, काहींनी सिनॉप्सिस लिहायला घेतला असेल. माझ्या पहिल्या सिनॉप्सिसचं काय झालं ते आधी सांगते. विषय होता, आफ्रिकेतली नवी विद्यापीठं तरुण नेते आणि उद्योजक कसे घडवतात. बावीस पानं लिहिली होती, रंगीत तक्ते वगैरे. गाईड मॅडमनी पहिल्या पानाच्या समासात पेन्सिलीने दोनच शब्द लिहिले: "कशाच्या तुलनेत?" बाकीच्या एकवीस पानांवर एक खूणसुद्धा नाही. तेव्हा राग आला होता. आज या दोन शब्दांवरच हा लेख आहे.

मी सुरुवात केली होती घानामधल्या अशेसी विद्यापीठापासून. गोष्ट खरोखर मोहात पाडणारी आहे. पॅट्रिक अवुआ १९८५ मध्ये शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकायला गेले, पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरी केली, मग नोकरी सोडून परत आले आणि २००२ मध्ये आक्रा शहरात भाड्याच्या जागेत ३० विद्यार्थ्यांना घेऊन विद्यापीठ सुरू केलं. अकान भाषेत अशेसी म्हणजे आरंभ. २०११ मध्ये ते बेरेकुसो गावाजवळच्या टेकडीवर स्वतःच्या कॅम्पसमध्ये गेलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: देश कुठे जाणार हे नेतृत्वावर ठरतं, आणि नेतृत्व करणारे लोक बहुतेक करून विद्यापीठातूनच येतात, मग तिथे पाठांतर का शिकवायचं? म्हणून कॉम्प्युटर सायन्स किंवा बिझनेस शिकणाऱ्यालाही तत्त्वज्ञान, समाजशास्त्र आणि नेतृत्वाची चर्चासत्रं. २००८ मध्ये विद्यार्थ्यांनी स्वतः मतदान करून ऑनर कोड स्वीकारला: परीक्षेला सुपरवायझर नाही, कॉपी होणार नाही याची जबाबदारी विद्यार्थ्यांची. (आपल्याकडे भरारी पथकं असतात, हे लक्षात घ्या आणि मग या वाक्याचं वजन मोजा.)

विद्यापीठ सांगतं की आमच्या बहुतेक पदवीधरांना लवकर काम मिळतं आणि बरेच जण आफ्रिकेतच राहतात. मी हे वाक्य उचललं आणि खाली निष्कर्ष ठोकून दिला: म्हणजे हे शिक्षण काम करतं.

इथेच गडबड आहे. अशेसीला अर्ज कोण करतं? शाळेत चांगले मार्क असलेली, धडपडी, घरून पाठिंबा असलेली मुलं. त्यातून पुन्हा निवड होते. हीच मुलं दुसरीकडे शिकली असती तर त्यांना नोकरी लागली नसती का? कदाचित लागलीच असती. आपल्याला यश दिसतं, पण त्यातलं विद्यापीठाचं किती आणि मुलांनी येतानाच सोबत आणलेलं किती, हे फक्त माजी विद्यार्थ्यांचा सर्व्हे करून कधीच कळत नाही. मग सॅम्पल ५० चं घ्या किंवा ५,००० चं. पद्धतीच्या पुस्तकात याला निवडीचा पूर्वग्रह म्हणतात. मी हे पेटसाठी पाठ केलं होतं आणि स्वतःच्या सिनॉप्सिसमध्ये तीच चूक केली होती.

मग तुलना करायची कशी? याचं मला सापडलेलं सगळ्यात स्वच्छ उदाहरण ट्युनिशियाचं आहे. तिथे २००९-१० मध्ये उपयोजित पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या विद्यार्थ्यांना एक पर्याय दिला गेला: नेहमीच्या अभ्यासक्रमाऐवजी स्वतःच्या धंद्याचा आराखडा लिहून पदवी घ्या. सोबत व्यवसायाचं प्रशिक्षण आणि प्रत्येकाला वैयक्तिक मार्गदर्शक. ज्यांनी अर्ज केले त्यांच्यातून कोणाला संधी द्यायची हे चक्क लॉटरीने ठरलं. पात्रिक प्रेमाँ आणि सहकाऱ्यांनी दोन्ही गटांचा माग ठेवला.

लॉटरीने काय साधलं ते नीट बघा. धडपडी मुलं दोन्ही गटांत आली, कारण दोन्ही गटांनी अर्ज केलेला होता. श्रीमंत-गरीब, हुशार-साधारण, सगळे सरासरीने सारखेच वाटले गेले. आता दोन गटांत पुढे जो फरक पडेल तो कोर्सचा. एक सूचना: अशा अभ्यासात नंबर लागूनही कोर्स अर्धवट सोडणाऱ्यांना गटातून काढायचं नसतं. काढलं की उरतात पुन्हा धडपडेच, म्हणजे आपण परत पहिल्या चुकीवर. व्हायवाला हा प्रश्न हमखास येतो.

आणि मग मध्येच इतिहास घडला. जानेवारी २०११ मध्ये क्रांतीमुळे राष्ट्राध्यक्ष बेन अली देश सोडून पळाले. ही मुलं पदवी घेऊन नुकतीच बाहेर पडली होती. तुम्ही त्या संशोधकांच्या जागी असता तर डोक्याला हात लावला असता ना? पण बघा, क्रांती दोन्ही गटांवर सारखीच आली. त्यामुळे तुलना टिकली. हा निष्कर्ष शांत काळातल्या देशाला लागू होतो का, हा मात्र वेगळा प्रश्न, आणि तो उघडाच राहतो.

एका वर्षानंतर काय दिसलं? कोर्सवाल्या गटात स्वयंरोजगार करणारे वाढले, पण वाढ छोटी होती. एकूण काम मिळालेल्यांचं प्रमाण मात्र बदललंच नाही. म्हणजे जे धंद्यात गेले, त्यातल्या काहींनी एरवी नोकरी धरली असती. नवं काम तयार होण्यापेक्षा कामाचा प्रकार बदलला. व्यवसायाची कौशल्यं वाढली, ओळखी वाढल्या, भविष्याबद्दलची आशाही वाढली. इथे थांबून पेपर गुंडाळला असता तरी चाललं असतं. सरकारी अहवालात तर हे "यशस्वी" म्हणूनच छापलं गेलं असतं.

पण टीमने चार वर्षांनी परत जाऊन विचारलं. असा युक्तिवाद नेहमी केला जातो की धंदा सुरू करायला वेळ लागतो, परिणाम उशिरा दिसेल. चार वर्षांनी परिणाम दिसला नाही, उलट जो होता तोही विरून गेला होता. स्वयंरोजगार असो की एकूण रोजगार, दोन गट सारखेच. मला हा दुसरा पेपर पहिल्यापेक्षा जास्त मोलाचा वाटतो. स्वतःच्याच चांगल्या बातमीवर पाणी ओतायला किती जण तयार असतात?

यावरून "उद्योजकता शिकवता येत नाही" असं लगेच म्हणू नका. काय शिकवलं हे बघावं लागतं. टोगोच्या लोमे शहरात १,५०० छोट्या व्यावसायिकांचे लॉटरीने तीन गट केले गेले: एकाला हिशेब-मार्केटिंगचं पारंपरिक प्रशिक्षण, दुसऱ्याला स्वतःहून पाऊल उचलण्याचं, अडचण आली तरी चिकटून राहण्याचं मानसशास्त्रावर आधारलेलं प्रशिक्षण, तिसऱ्याला काहीच नाही. सायन्स नियतकालिकात २०१७ मध्ये आलेल्या निकालात दुसऱ्या गटाचा नफा ३० टक्क्यांनी वाढला होता. पारंपरिक गटाची वाढ ११ टक्के, आणि तीही संख्याशास्त्राच्या दृष्टीने शून्यापेक्षा वेगळी म्हणता येत नव्हती. पण हे लोक आधीच धंद्यात होते, विद्यार्थी नव्हते, हे विसरून चालणार नाही. विद्यार्थ्यांवरचं याच विचाराच्या जवळचं काम युगांडात झालं आहे. तिथे विद्यार्थी कोर्समध्येच थोड्या भांडवलावर छोटा, पण खरा धंदा चालवतात. त्यात दिसलं की प्रशिक्षणाने उत्साह वाढतो, पण "मला हे जमतं" हा विश्वास सोबत असेल तरच तो टिकतो.

नेतृत्वाचं काय? इथे प्रामाणिकपणे सांगायचं तर मोजणंच अवघड आहे. धंदा सुरू केला की नाही हे विचारता येतं. पण नेता झाला की नाही हे कोणत्या वर्षी विचारायचं? पदवीनंतर चार वर्षांनी मंत्री कोण होतं? अवुआंचा डाव काही दशकांचा आहे, आणि तुमची-माझी फेलोशिप पाच वर्षांची. म्हणून संशोधक जवळची मापं शोधतात: दबाव असताना नियम पाळणं, गटात जबाबदारी घेणं, लाच नाकारणं. यातलं प्रत्येक माप विवादास्पद आहे, आणि माझ्या मते नव्या संशोधकाला सगळ्यात जास्त जागा इथेच आहे. पैसे लागत नाहीत, डोकं लागतं.

माझा नवा सिनॉप्सिस नऊ पानांचा आहे. लॉटरी काढणं माझ्या हातात नाही, म्हणून मी दुसरी वाट धरली: प्रवेशाच्या कटऑफच्या अगदी जरा वर आणि जरा खाली राहिलेल्या मुलांची तुलना. एक-दोन मार्कांनी हुकलेला आणि एक-दोन मार्कांनी आत आलेला, यांच्यात फरक जवळजवळ नशिबाचाच असतो. मॅडमनी या वेळी तिसऱ्या पानापर्यंत पेन्सिल टेकवली नाही. तिथे लिहिलंय: "हुकलेल्यांची यादी कोण देणार?" दोन विद्यापीठांना ईमेल पाठवले आहेत. एकाने कळवलंय की जुने अर्ज दर तीन वर्षांनी नष्ट केले जातात. दुसऱ्याच्या उत्तराची वाट बघतेय.