श्रद्धा, शेत आणि शेजार

धर्म हा देवळांत किंवा चर्चमध्यें पाळावयाचा आणि शेती ही रानांत करावयाची, या दोहोंचा एकमेकांशीं कांहीं संबंध नाहीं, अशी पुष्कळांची समजूत असते. रविवारची उपासना आटोपली कीं सोमवारीं औत जुंपतांना तिचें स्मरण ठेवण्याचें कारण उरत नाहीं, असें कोणी बोलून दाखवीत नाहीं. परंतु वागण्यांत तें दिसून येतें. ख्रिस्ती शिकवणीला ही विभागणी मान्य नाहीं. खेड्यापाड्यांतून शाळेंत आलेल्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस जमीन आणि शेजारी यांविषयीं ही शिकवण काय सांगते, आणि आपल्याच मुलखांत तिचा प्रयोग झाला तेव्हां काय घडलें, हें थोडक्यांत सांगावें असें आम्हांस वाटतें.

पवित्र शास्त्रांत मनुष्याला मिळालेली पहिली कामगिरी शेतीची आहे. उत्पत्तीच्या पुस्तकांत देव मनुष्याला बागेंत ठेवतो तो दोन कामांसाठीं : त्यानें तिची मशागत करावी आणि तिची राखण करावी. या दोन कामांची फारकत झाली कीं नुकसान ठेवलेलेंच. नुसती राखण करणाऱ्याच्या पदरांत दाणा पडत नाहीं, आणि राखण न करतां नुसती मशागत करणाऱ्याची जमीन थोड्याच वर्षांत थकून जाते. पुढें मोशेच्या नियमशास्त्रांत जमिनीचा खरा धनी देव असून मनुष्य तिच्यावर केवळ वस्तीला आहे, असें सांगितलें आहे. म्हणूनच दर सातव्या वर्षीं जमिनीला विसांवा द्यावा, आणि कापणीच्या वेळीं शेताचे कोपरे कापूं नयेत, पडलेलीं कणसें पुनः वेचूं नयेत, तीं गरिबांसाठीं व परक्यांसाठीं राहूं द्यावीं, अशी तेथें आज्ञा आहे. मवाब देशांतून आलेली रूथ बवाजाच्या शेतांत सरवा वेचूं शकली, ती या नियमाच्या आधारानें. सरवा हा शब्द आपल्या वडीलधाऱ्यांच्या चांगल्या परिचयाचा आहे. त्या काळीं तो मालकानें घातलेली भीक नव्हता. तो दुबळ्याचा हक्क होता. पिकांत शेजाऱ्याचा वांटा आहे हें धर्मानें आधींच ठरवून टाकलें होतें.

प्रभु येशूचे पुष्कळसे दाखले शेतांतले आहेत. त्यांपैकीं पेरणाऱ्याचा दाखला सर्वांस ठाऊक आहे. एकच बी चार ठिकाणीं पडतें. पायवाट तुडवून तुडवून घट्ट झालेली असते. तिच्यांत बी शिरत नाहीं, पांखरें तें टिपून नेतात. मुरमाड जागीं मातीचा थर पातळ असतो. तेथें ऊब लागून कोंब लवकर वर येतो खरा, पण मुळाला खोली नाहीं व मातींत ओल टिकत नाहीं, म्हणून कडक ऊन पडतांच तो करपतो. कांटेरी झुडपांत पिकाच्या वांट्याचें पाणी, उजेड व कस झुडपेंच खाऊन टाकतात. चवथें बी चांगल्या जमिनींत पडतें आणि भरघोस पीक देतें. बी तेंच, पेरणारा तोच. फरक काय तो जमिनीचा. या दाखल्याचा अर्थ मनुष्याच्या अंतःकरणाला लावतात, व तो योग्यच आहे. परंतु शेतकऱ्याला त्यांत आणखी एक गोष्ट सहज दिसेल. घट्ट पायवाट नांगरतां येते, दगड वेचून काढतां येतात, झुडपें उपटतां येतात. जमीन तयार करणें हें आपल्या हातचें काम आहे. जें शेताचें तेंच गांवाचें : गांवाची जमीन तयार केल्यावांचून उत्तम बीही वायां जातें.

ही गोष्ट आपल्या देशांत ओळखणारे लोक फार पूर्वीं होऊन गेले. पंडिता रमाबाई यांनीं पुणें जिल्ह्यांतील केडगांव येथें माळरान विकत घेऊन विहिरी खणविल्या, शेती व बागाईत उभी केली, आणि दुष्काळांत निराधार झालेल्या मुलींना मुक्तिसदनांत आश्रय देऊन त्यांना स्वतःच्या हातानें काम करण्यास शिकविलें. सॅम हिगिनबॉटम हे मिशनरी १९०३ सालीं अलाहाबादेस आले. तेथें अर्थशास्त्र शिकवीत असतां आसपासच्या खेड्यांतील दारिद्र्य पाहून त्यांना असें वाटलें कीं भुकेल्या शेतकऱ्याला आधीं चांगली शेती दाखविली पाहिजे. म्हणून ते स्वतः अमेरिकेस जाऊन कृषिविद्या शिकून आले. १९१० सालीं स्थापन झालेली अलाहाबादची कृषिसंस्था हें त्या विचाराचें फळ होय.

आतां आपल्या अगदीं जवळचें उदाहरण घेऊं. पूर्वीच्या अहमदनगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत जामखेड हा अवर्षणाचा तालुका आहे. डॉ. रजनीकांत आरोळे व त्यांच्या पत्नी डॉ. मेबल आरोळे हें ख्रिस्ती दांपत्य वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयांत शिकलेलें. वडाळा येथील मिशन रुग्णालयांत काम करीत असतां त्यांना असें दिसून आलें कीं बरा होऊन घरीं गेलेला रोगी कांहीं दिवसांनीं तोच आजार घेऊन परत येतो. कारण घरचें पाणी, घरची उपासमार व घरचें अज्ञान जशींच्या तशींच राहतात. पुढें अमेरिकेंत सार्वजनिक आरोग्याचें शिक्षण घेऊन तीं उभयतां १९७० सालीं जामखेडास येऊन राहिलीं. तेथें त्यांनीं लोकांना त्यांची गरज विचारली. लोकांनीं औषध मागितलें नाहीं. अन्न आणि पाणी मागितलें. डॉक्टरांनीं तें ऐकलें, आणि कामाचा आरंभ तेथूनच केला.

लवकरच दुष्काळ पडला. १९७२ च्या त्या दुष्काळाच्या आठवणी अजूनही घरोघर सांगितल्या जातात. पिण्याच्या पाण्यासाठीं विंधनविहिरी घ्यावयाच्या होत्या. विहीर कोठें घ्यावी हा प्रश्न वरवर पाहतां केवळ भूगर्भाचा वाटतो. पण खेड्यांत तो तेवढाच नसतो. अनेक गांवांत दलितांना गांवच्या विहिरीला शिवण्याची मोकळीक नव्हती. कोणी वरून पाणी ओतील तोंपर्यंत रिकामी घागर घेऊन तिष्ठत बसावें लागे. जामखेडच्या कार्यकर्त्यांनीं नव्या विहिरी समजून उमजून दलितवस्तींत घेतल्या व तेथें हातपंप बसविले. आतां ज्याला पाणी हवें त्यानें त्या वस्तींत पाऊल टाकणें प्राप्त होतें. एका हातपंपानें शतकांचा भेदभाव नाहींसा झाला असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु गांवची घट्ट झालेली पायवाट नांगरण्यास येथें प्रारंभ झाला, एवढें निश्चित.

मग गांवोगांव शेतकरी मंडळें निघालीं. निरनिराळ्या जातींच्या तरुणांना एकत्र आणण्यासाठीं व्हॉलीबॉलचा खेळ कामीं आला. खेळानंतर त्याच मैदानावर शेती, पाणी, झाडें व मुलांचें आरोग्य यांविषयीं बोलणें होई. गांवांतल्याच स्त्रियांना, ज्यांपैकीं पुष्कळजणींना अक्षरओळखही नव्हती, आरोग्यसेविका म्हणून शिकविण्यांत आलें. जुलाबानें सुकत चाललेल्या बाळाला मीठ, साखर व स्वच्छ पाणी यांचें मिश्रण पाजून वांचवितां येतें, हें ज्ञान डॉक्टरांच्या पेटींतून निघून चुलीपाशीं आलें. त्यांपैकीं एका सेविकेनें परदेशांतील सभेंत असा दृष्टांत दिला कीं छताला टांगलेलें झुंबर लखलखीत खरें, पण तें महाग आणि एकाच जागीं अडकलेलें. लहानशी पणती मात्र हातांत धरून घरोघर नेतां येते, आणि एका पणतीनें दुसरी पेटवितां येते. सर्व जातिधर्मांच्या लोकांसाठीं चाललेल्या या कार्याबद्दल आरोळे दांपत्याला १९७९ सालीं रॅमन मॅगसेसे पारितोषिक मिळालें. मेबलबाई १९९९ सालीं व डॉ. रजनीकांत २०११ सालीं निवर्तले.

शेताच्या पाण्याचाही विचार करूं. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर तें पाणी दहा हजार लिटर भरतें. वीस मिलिमीटरची एक चांगली सर आली कीं दोन लाख लिटर. मग आपण तहानलेले कां? कारण उघड्या टेकडीवरून हें पाणी धांवत सुटतें आणि जातांना माती घेऊन जातें. त्याला माथ्यापासूनच अडवावें लागतें. उताराला आडवे समतल चर खणले, त्यांच्या कडेला झाडें व गवत लाविलें, ओघळींत दगडी बांध घातले, कीं धांवणारें पाणी चालूं लागतें, चालणारें थांबतें, थांबलेलें मुरतें, आणि पायथ्याच्या विहिरींत पुढें पुष्कळ दिवसांनीं दिसूं लागतें. स्वित्झर्लंडहून १९४८ सालीं भारतांत आलेले जेझुइट धर्मगुरु फादर हर्मन बाखर यांनीं नगर जिल्ह्यांत या कामाला आयुष्य वाहिलें. त्यांच्या प्रयत्नांतून भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम उभा राहिला, व १९९३ सालीं वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट ही संस्था निघाली. गांवानें श्रमदान करावें, कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळावी, अशा अटी त्या कार्यक्रमांत होत्या.

येथेंच श्रद्धेची खरी कसोटी लागते. टेकडीवर चराई बंद झाली तर पाणी कोणाच्या विहिरीला येतें? ज्याची पायथ्याशीं जमीन आहे त्याच्या. आणि तोटा कोणाला होतो? ज्याच्याजवळ जमीन नाहीं, चार शेळ्या आहेत, त्याला. त्याच्यासाठीं कापून नेण्याचें गवत, रोजगार किंवा पाण्यांतला वांटा गांवानें आधींच राखून ठेवला नाहीं, तर हिरव्यागार गांवांतही अन्याय होईल. तसेंच विहिरीला पाणी आलें म्हणून प्रत्येकानें ऊंस लाविला व खोल बोअर घेतली, तर सर्वांचें पाणी थोड्यांच्या शेतांत जाईल आणि पुनः टँकरची वाट पाहावी लागेल. शेताचे कोपरे सोडण्याचा व सातव्या वर्षीं थांबण्याचा जुना नियम येथें नव्या रूपानें आपल्यासमोर उभा राहतो : पाण्याचा सरवा कोणासाठीं ठेवावयाचा, आणि आपण कोठें थांबावयाचें?

पालकांना आमची एक विनंति आहे. मूल शिकलें म्हणजे तें मातीपासून सुटलें, असें मानूं नये. शिकलेल्या मुलानें शेतीच केली पाहिजे असा आमचा आग्रह नाहीं. पण ज्या गांवाच्या धान्यावर तो वाढला त्या गांवाला त्याच्या विद्येचा कांहीं वांटा पोंचलाच पाहिजे. विद्यार्थ्यांना आम्ही सांगूं कीं, येत्या पावसाळ्यांत सरळ बाजूंच्या डब्यांत पडलेला पाऊस पट्टीनें मोजा आणि आपल्या शेतावर किती लिटर पाणी पडलें याचें गणित करा. तें कोठें गेलें हें वडिलांबरोबर बांधावर चालत जाऊन पाहा. आणि गांवांत सर्वांत शेवटीं पाणी कोणाच्या दारीं पोंचतें, याची चौकशी करा. त्या दारापर्यंत पाणी नेण्याचें काम ज्या दिवशीं गांव हातीं घेईल, त्या दिवशीं श्रद्धा, शेत आणि शेजार हे तीन विषय वेगवेगळे शिकविण्याची गरज उरणार नाहीं.