नव्या नोकरीचे नऊ महिने

बाळंतपणाची रजा आणि हक्काचा पैसा : भाग ७

या आठवड्यात वीटभट्टीवरच्या बायांबद्दल लिहायचं ठरलं होतं. ते पुढच्या वेळी. मध्येच सरळगावकडच्या एका बाईंचं पत्र आलं, आणि त्यातला प्रश्न थांबवून ठेवण्यासारखा नाही. त्यांच्या सुनेला सातवा महिना लागलाय.

सून मुरबाडच्या एमआयडीसीत पॅकिंगला जाते, ठेकेदाराकडून. कामाला लागली १६ डिसेंबरला. डॉक्टरांनी तारीख दिलीय २८ ऑगस्ट. पहिल्या पगारापासून दर महिन्याला ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याची वर्गणी, कापली जातेय. तिने रजेचं विचारलं तेव्हा सुपरवायझर म्हणाला, ‘ईएसआयचे पैसे मिळायला तुझे महिने भरत नाहीत, आणि ईएसआय लागू असला की कंपनी काही देत नाही.’ सासूबाई विचारतात, मग आमच्या पोरीनं जायचं कुणाकडे?

सुपरवायझरच्या बोलण्यातला पहिला अर्धा भाग खरा असू शकतो. दुसरा साफ चूक आहे. मुरबाड, शहापूर, भिवंडी या पट्ट्यात या चुकीपायी किती मुली बिनपगारी बाळंतपण काढतात ते मी इतकी वर्षं बघतोय. म्हणून आजचा अख्खा भाग या एकाच फटीवर.

ईएसआयचं वर्ष दोन तुकड्यांत चालतं. एप्रिल ते सप्टेंबर हा वर्गणीचा एक काळ, ऑक्टोबर ते मार्च हा दुसरा. एप्रिल-सप्टेंबरमध्ये भरलेल्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये लाभ मिळतो, आणि ऑक्टोबर-मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबरमध्ये. मध्ये तीन महिने जातात. बाळंतपण ज्या लाभकाळात येतं, त्याच्या लगेच आधीच्या दोन वर्गणीकाळांत मिळून निदान ७० दिवसांची वर्गणी लागते. ती असेल तर २६ आठवडे सरासरी रोजाचे पूर्ण पैसे ईएसआयचं महामंडळ देतं, थेट बँकेच्या खात्यात. बाळंतपण उल्हासनगरच्या कामगार विमा रुग्णालयातच व्हायला हवं, असंही नाही. मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात झालं किंवा माहेरी धसईला जाऊन झालं, तरी रोख लाभाचा हक्क जात नाही. कागद मात्र वेळेवर द्यावे लागतात.

आता या सुनेचा हिशोब करू. १६ डिसेंबर ते ३१ मार्च म्हणजे साडेतीन महिने. फार खाडे नसतील तर ७० दिवस सहज भरतात. या वर्गणीचा लाभकाळ जुलै ते डिसेंबर. २८ ऑगस्ट त्यात बसते. मग अडलं कुठे?

अडतं ते एका छोट्या नियमात. जी व्यक्ती आयुष्यात पहिल्यांदाच ईएसआयखाली येते, तिचा पहिला लाभकाळ कामाला लागल्याच्या तारखेपासून नऊ महिने पुरे झाल्यावर सुरू होतो. डिसेंबरच्या १६ तारखेला लागलेल्या मुलीचा लाभकाळ सप्टेंबरच्या १६ तारखेला उघडणार. बाळंतपण त्याआधी एकोणीस दिवस. नेमके नऊ महिने! हा नियम कुणी मुद्दाम गरोदर बाईच्या विरोधात लिहिला असं मी म्हणत नाही, तो आजारपणाच्या लाभालाही तसाच लागतो. पण लग्न होऊन सासरी आलेली, लगेच कामाला लागलेली आणि लगेच दिवस गेलेली मुलगी आपल्याकडे अपवाद नाही. हा नियम सगळ्यात जास्त तिलाच गाठतो.

अशा वेळी पहिला प्रश्न तिला विचारायचा : ‘याआधी कधी, कुठेही, तुझा ईएसआय कापला गेला होता का?’ लग्नाआधी भिवंडीच्या गोदामात, वाशिंदला, बदलापूरला, कुठेही. नऊ महिन्यांची अट पहिल्यांदाच विम्याखाली येणाऱ्यालाच आहे. जुना विमा क्रमांक असेल तर ती नवी नाही. मग डिसेंबर ते मार्चचे ७० दिवस पुरतात आणि ऑगस्टच्या बाळंतपणाचे पैसे मिळतात.

आणि इथेच आपल्या वसाहतींतली सगळ्यात मोठी खोड आहे. विमा क्रमांक दहा आकडी असतो आणि तो माणसाला जन्मभरासाठी एकदाच मिळतो. नोकरी बदलली, ठेकेदार बदलला, तरी तोच चालवायचा असतो. पण नवा ठेकेदार आला की त्याचा माणूस सगळ्यांची आधार कार्डं गोळा करतो आणि जुना क्रमांक न विचारता नवे काढून मोकळा होतो. कधी आळस, कधी घाई. परिणाम असा, की चार वर्षं त्याच शेडमध्ये त्याच टेबलापाशी उभी असलेली बाई कागदावर कालची आलेली ठरते आणि तिचे नऊ महिने पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. मी पाहिलेल्या बऱ्याच फेटाळलेल्या अर्जांमागे हे एकच कारण होतं. दोन क्रमांक निघाले असतील तर जुनी पगारपत्रकं जोडून ईएसआयच्या शाखा कार्यालयाला लेखी अर्ज करावा आणि दोन्ही एकत्र करून घ्यावेत. बाळंतपणाच्या आधी केलं तर बरं.

समजा सून खरंच पहिल्यांदा कामाला लागलीय. जुना क्रमांक नाही. मग काय?

मग कंपनी. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात १९७२ साली एक कलम घातलं गेलं, ५-अ. त्यात म्हटलंय की कारखान्याला ईएसआय लागू असला, तरी बाई तिथल्या लाभाला पात्र होईपर्यंत मातृत्व कायद्याखालचा तिचा हक्क चालूच राहतो. म्हणजे ईएसआयचं दार उघडेपर्यंत पगार मालकाने द्यायचा. अट एवढीच, की अपेक्षित तारखेच्या आधीच्या बारा महिन्यांत तिने ८० दिवस काम केलेलं असावं. या सुनेचे ते मार्चअखेरीच्या सुमारासच भरले. १९६१ चा कायदा आणि ईएसआयचा १९४८ चा कायदा हे दोन्ही आता सामाजिक सुरक्षा संहितेत सामावले आहेत आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. पण ही तरतूद तिथेही आहे, ८० दिवस तेच आहेत, २६ आठवडेही तेच. सुपरवायझरला कलमाचा क्रमांक सांगू नका, तो वाद क्रमांकावर नेईल. एवढंच विचारा : ‘ईएसआयने मी अजून पात्र नाही म्हटलं, तर कायद्याने माझा पगार कोण देणार?’

दोन सरकारी कागदांच्या मधल्या या फटीसाठी कुणीतरी विचार करून ओळ लिहून ठेवली, याचं मला कायम अप्रूप वाटत आलंय. ती ओळ वापरली मात्र फार कमी जाते.

पैसे किती, हे पत्रात विचारलेलं नाही, पण पुढे नक्की विचारलं जाईल. समजा रोज ५०० रुपये आहे. २६ आठवड्यांचे किती? ठेकेदार हिशोब करतो आठवड्याला सहा दिवस, रविवार सुट्टीचा, म्हणून १५६ दिवसांचे ७८,००० रुपये. हा हिशोब सर्वोच्च न्यायालयात जाऊन आलेला आहे. तमिळनाडूतल्या माउंट स्टुअर्ट नावाच्या मळ्यात सुब्बम्माळ नावाची मजूर बाई होती. १९६७ च्या डिसेंबरात ती बाळंत झाली. तेव्हा रजा बारा आठवड्यांची होती. मळ्याने बारा रविवार वजा करून ७२ दिवसांचे पैसे दिले. ती भांडली. कामगार न्यायालयापासून सुरू झालेलं ते प्रकरण दहा वर्षं चाललं आणि १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की आठवडा म्हणजे सात दिवस, रविवार धरून. बी. शहा खटला म्हणून तो ओळखला जातो. शहा हे मालकाच्या बाजूचं नाव. खटला सुब्बम्माळच्या नावाने ओळखला जायला हवा होता, असं मला मनापासून वाटतं. तिच्या त्या भांडणामुळे आपल्या सुनेचे १५६ नव्हे, १८२ दिवस होतात. ९१,००० रुपये. मधले १३,००० रुपये म्हणजे सव्वीस रविवार.

बाळंतपणाआधीच्या दिवसांचे पैसे गरोदरपणाचा दाखला दिल्यावर आगाऊ मिळायला हवेत. रजा तारखेच्या आधी जास्तीत जास्त आठ आठवडे घेता येते. उरलेले पैसे बाळ झाल्याचा पुरावा दिल्यापासून ४८ तासांत. त्यासाठी सुनेने आत्ताच एक साधं पत्र द्यावं : अमुक तारखेपासून रजेवर जाते आहे, पैसे मला किंवा अमक्याच्या नावे द्यावेत, या काळात मी दुसरीकडे काम करणार नाही. पत्र ठेकेदार आणि कंपनी दोघांच्याही नावे लिहावं, पोच घ्यावी, पोच देत नसतील तर पोस्टाने रजिस्टर करावं. नाही दिले पैसे, तर निरीक्षकाकडे तक्रार. ती मराठीत, हाताने लिहिलेली चालते.

‘पत्र दिलं की कामावरून काढतील’ ही भीती मला प्रत्येक घरात ऐकू येते. रजेच्या काळात काढणं बेकायदा आहे. गरोदरपणात काढलं, तरी पैशांचा हक्क जात नाही. आणि ठेक्याची मुदत संपली हे कारणही आता चालणार नाही : दिल्लीत कंत्राटावर काम करणाऱ्या डॉक्टर कविता यादव यांच्या खटल्यात ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की करार संपला म्हणून मातृत्वाचा लाभ संपत नाही.

पैसे सरकारने द्यायचे की मालकाने, हा प्रश्न आपल्या मुंबई इलाख्यात फार जुना आहे. ना. म. जोशींनी १९२४ साली केंद्रीय कायदेमंडळात मातृत्वाचं विधेयक आणलं होतं, ते फेटाळलं गेलं. चार वर्षांनी, जुलै १९२८ मध्ये, मुंबई कौन्सिलात तसंच विधेयक आलं, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले. त्यांचं म्हणणं दुहेरी होतं. आईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणं देशाच्या हिताचं आहे, म्हणून हा भार मुख्यतः सरकारने उचलायला हवा. पण सरकार उचलत नाही म्हणून मालक सुटत नाही, कारण बायकांना कामावर ठेवण्यात त्याचा फायदा आहे. १९२९ मध्ये मुंबईचा कायदा झाला, देशातला असा पहिला.

त्या भाषणातल्या पहिल्या अर्ध्याचं उत्तर म्हणजे मला ईएसआय वाटतो. तिथे मालक ३.२५ टक्के भरतो आणि कामगार ०.७५ टक्के, आणि ते बाई-पुरुष सगळ्यांच्या पगारावर. बाई कामावर ठेवली म्हणून मालकाला एक रुपयाही जास्त पडत नाही. मातृत्व कायद्यात मात्र सगळा बोजा त्या एका मालकावर येतो, आणि तो बाईला कामावर घेतानाच हिशोब मांडतो. ‘लग्न झालंय का, मूल कधी करणार’ हे प्रश्न मुलाखतीत येतात ते त्या हिशोबातून. विमाच बरा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. म्हणूनच पगाराची २१,००० रुपयांची मर्यादा मला खटकते. ती १ जानेवारी २०१७ पासून तिथेच आहे. पगार त्यावर गेला की चालू वर्गणीकाळ संपल्यावर बाई विम्याबाहेर जाते आणि पुन्हा एकट्या मालकाचा खर्च होते. पगारवाढ झालेल्या मुलींनी यात काय सांभाळायचं, यावर स्वतंत्र भाग लिहीन.

शहापूरच्या एका जुन्या वाचकांची मुलगी न्यू जर्सीत असते. ‘तिकडे कसं?’ असं त्यांनी मागेच विचारलं होतं. तिथे बाळंतपण तात्पुरत्या अपंगत्वाच्या राज्य विम्यात बसवलंय. कॅलिफोर्नियातही तसंच : साधारणपणे आधी चार आठवडे, नंतर सहा, सिझेरियन असेल तर आठ, आणि त्यानंतर बाळासोबत राहण्यासाठी वेगळा कौटुंबिक रजेचा विमा. पण सबंध देशाचा १९९३ चा कायदा फक्त बारा आठवड्यांची रजा देतो, तीही बिनपगारी. ज्या राज्यात असा विमा नाही तिथे मालकाची मर्जी. सरळगावच्या सुनेचा कायद्यातला हक्क त्या मुलीपेक्षा मोठा आहे. वसूल करणं तेवढं तिला अवघड जातं.

तेव्हा सरळगावच्या बाईंना उत्तर असं : आधी सुनेला जुन्या विमा क्रमांकाबद्दल विचारा. असेल तर ईएसआयकडे जा. नसेल तर या आठवड्यातच ठेकेदाराला आणि कंपनीला पत्र द्या, पैसे त्यांनीच द्यायचे आहेत. पत्राचा मसुदा हवा असेल तर कळवा, पाठवतो.

आणि बाकीच्या वाचकांना एक विनंती. तुमच्या घरातली मुलगी, सून, बहीण कंपनीत जात असेल तर आज तिच्या पगारपत्रकावरचा दहा आकडी विमा क्रमांक एका वहीत लिहून ठेवा, आणि ठेकेदार बदलला की तोच क्रमांक त्याच्या माणसापुढे धरा. पुढच्या आठवड्यात वीटभट्ट्या, नक्की.