एका अक्षराची चोरी

'बुलढाणा' की 'बुलडाणा'? हा प्रश्न जिल्ह्यात नवा नाही. इंग्रजांच्या गॅझेटियरमध्ये नुसता 'डी' आहे. सरकारी संकेतस्थळावर 'डी' आणि 'एच' दोन्ही आहेत. जिल्ह्यातील सर्वांत नावाजलेली पतसंस्था इंग्रजीत आपले नाव अजूनही 'एच'शिवायच लिहिते. दुकानांच्या पाट्यांवर, लग्नपत्रिकांवर आणि औषधांच्या चिठ्ठ्यांवर दोन्ही रूपे सुखाने नांदतात. कुणाचे काही अडत नाही, कारण माणूस वाचताना समजून घेतो. संगणक समजून घेत नाही. इंटरनेटवर एक अक्षर कमी-जास्त झाले की ती दोन वेगळी नावे होतात आणि त्यांचे मालकही दोन असू शकतात. त्यातला दुसरा कोण आहे, हे रुग्णाला कळायला मार्ग नसतो.

संकेतस्थळाचे नाव, म्हणजे डोमेन, हा इंटरनेटवरचा पत्ता असतो. तो विकत मिळत नाही, ठरावीक मुदतीसाठी नोंदवून मिळतो. वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आतबाहेर खर्च येतो. नोंदणी करणाऱ्या कंपनीला रजिस्ट्रार म्हणतात. 'डॉट इन' नावांचा कारभार 'निक्सी' ही भारतीय संस्था पाहते, तर 'डॉट कॉम'साठी 'आयकॅन' या आंतरराष्ट्रीय संस्थेचे नियम लागू होतात. दोन्हीकडे तत्त्व एकच: जो आधी येईल त्याचे नाव. अर्जदार खरोखर त्या रुग्णालयाचा आहे का, डॉक्टर आहे का, हे नोंदणीच्या वेळी कुणी विचारत नाही. बुलढाण्यात २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. अशा नव्या संस्थेच्या नावाला 'कॉम' जोडून ते कोणीही, कुठेही बसून नोंदवू शकतो. प्रवेश शोधणारा पालक त्यावर पोहोचला तर पुढे काय होऊ शकते, ते सांगायला नको.

एका अक्षराने होणारा घात वैद्यकाला चांगलाच परिचयाचा आहे. उच्चारात किंवा लिहिण्यात सारख्या दिसणाऱ्या औषधांच्या नावांमुळे चुकीची गोळी हातात पडते, म्हणून अशा जोड्यांच्या याद्या रुग्णालयांत लावलेल्या असतात. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही याचा विचार २००१ मध्ये केला आहे. मेंदूच्या मलेरियावरील 'फाल्सिगो' आणि 'फाल्सिटॅब' या दोन औषधांवरून कॅडिला नावाच्या दोन कंपन्या भांडत होत्या. औषधांच्या बाबतीत नावातील सारखेपणा इतर मालापेक्षा अधिक कडक नजरेने तपासला पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले. डॉक्टर आणि औषधविक्रेते प्रशिक्षित असले तरी त्यांच्याही हातून चूक होऊ शकते, हा त्यामागचा विचार होता. संकेतस्थळ उघडणारा रुग्ण तर प्रशिक्षितही नसतो. तो आजारी असतो, घाईत असतो आणि बहुधा मोबाइलच्या चार बोटांच्या पडद्यावर पाहत असतो.

डोमेनबाबत पहिल्या काही महत्त्वाच्या निर्णयांपैकी एक आपल्याच राज्यातला आहे. १९९९ मध्ये 'रेडिफ' या संकेतस्थळाने मुंबई उच्च न्यायालयात दावा केला, कारण कुणी तरी 'ई'च्या जागी 'ए' घालून 'रॅडिफ डॉट कॉम' नोंदवले होते. प्रतिवादींचे म्हणणे असे की हे नाव 'रॅडिकल', 'इन्फर्मेशन', 'फ्युचर' आणि 'फ्री' या शब्दांच्या अक्षरांपासून घडवले आहे. न्यायालयाला ते पटले नाही. डोमेन हा नुसता पत्ता नसून त्याचे मोल कंपनीच्या मालमत्तेसारखे आहे आणि त्याला संरक्षण मिळाले पाहिजे, असे न्यायालयाने ठरवले. पाच वर्षांनी तसेच प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आले. 'सिफी' या प्रसिद्ध नावात एक जादा 'एफ' घालून दुसऱ्या कंपनीने नाव घेतले होते. पाच प्रवर्तकांच्या नावांची आद्याक्षरे जुळवून ते तयार झाले, असा खुलासा झाला. (आद्याक्षरे नेमकी दुसऱ्याच्या प्रसिद्ध नावाशीच कशी जुळतात, हे एक कोडेच आहे.) मे २००४ मधील त्या निकालात न्यायालयाने मान्य केले की भारतात डोमेनच्या वादांसाठी स्वतंत्र कायदा नाही. तरीही दुसऱ्याच्या नावावर आपला माल खपवण्याविरुद्ध व्यापारचिन्ह कायद्यात जे संरक्षण आहे, ते डोमेनलाही मिळेल. तो स्वतंत्र कायदा अजूनही झालेला नाही.

ही भांडणे कंपन्यांची होती. करोनाच्या साथीत हाच प्रकार थेट आजारी माणसांपर्यंत आला. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकी सरकारने दोन संकेतस्थळे जप्त केली. त्यांतले एक लस बनवणाऱ्या 'मॉडर्ना' कंपनीच्या संकेतस्थळाची नक्कल होती आणि त्याच्या नावात फक्त एक 'आर' जास्त होता. दुसरे औषध बनवणाऱ्या 'रिजेनेरॉन'च्या नावावर उभे होते. दोन्ही संकेतस्थळे भेट देणाऱ्यांची वैयक्तिक माहिती गोळा करत होती. लस कधी मिळेल या काळजीने तिथे गेलेल्या माणसाने आपले नाव, पत्ता, फोन नंबर देताना अक्षरे मोजली नसतील, आणि त्याला दोषही देता येत नाही.

इथवर झाली नकलेची गोष्ट. खरे नावच चोरीला जाते तेव्हा परिस्थिती अधिक बिकट असते. अमेरिकेत १९९५ मध्ये एका माणसाने नोंदणी कंपनीला बनावट पत्र पाठवले आणि दुसऱ्याच्या मालकीचे तीन अक्षरी नाव स्वतःकडे वळवून घेतले. (नाव कौटुंबिक वर्तमानपत्रात छापण्यासारखे नाही, पण न्यायतत्त्व छापण्यासारखे आहे.) पत्र खरे आहे का, हे मालकाला फोन करून विचारण्याची तसदीही कुणी घेतली नाही. मूळ मालकाला न्यायालयाने साडेसहा कोटी डॉलरची भरपाई मंजूर केली, पण चोर देश सोडून गेला होता. पुढे २००३ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने सांगितले की डोमेन ही मालमत्ता आहे आणि ती बेफिकिरीने दुसऱ्याला देऊन टाकणारी नोंदणी कंपनीही जबाबदार ठरू शकते.

आज बनावट पत्राची गरज उरलेली नाही. ज्या ई-मेलवर डोमेनचे खाते उघडलेले असते, त्याचा पासवर्ड मिळाला की पुरे. आणि कित्येकदा चोरीचीही गरज नसते; मालक मुदत विसरतो.

नेदरलँड्समधील एक घटना या बाबतीत प्रत्येक रुग्णालयाने माहीत करून घ्यावी अशी आहे. तिथल्या उट्रेख्त भागातील बालकल्याण संस्थेने २०१५ मध्ये नाव बदलले. नवे संकेतस्थळ झाले आणि जुन्या नावाचे नूतनीकरण पुढे थांबले. ते मोकळे झालेले नाव बाहेरच्या लोकांनी नोंदवले. त्या नावावरच्या जुन्या ई-मेल पत्त्यांच्या आधारे हजारो मुलांच्या फायली त्यांच्या हाती आल्या. मानसिक आजार, घरातील मारहाण, औषधोपचार असे सगळे तपशील त्यांत होते. एप्रिल २०१९ मध्ये तिथल्या वृत्तवाहिनीने ते उघड केले. डोमेन गेले की फक्त संकेतस्थळ जात नाही, त्या नावावर येणारी सगळी टपाल नव्या मालकाच्या दारात पडू लागते. प्रयोगशाळेचे अहवाल, विमा कंपनीची पत्रे, 'पासवर्ड विसरलात का' याला येणारी उत्तरे, सगळे त्यात आले.

महाराष्ट्रात नावे बदलण्याचा हा काळ आहे. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले, अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. सरकारी संकेतस्थळे 'जीओव्ही डॉट इन'खाली असल्याने त्यांची मोकळी झालेली नावे कुणाही खासगी माणसाला मिळत नाहीत. खासगी रुग्णालये आणि प्रयोगशाळांना मात्र ते कवच नाही. नाव बदलले तरी जुने डोमेन पुढची अनेक वर्षे भरून ठेवणे त्यांच्यासाठी गरजेचे आहे. त्याचा वर्षाचा खर्च एका रक्ततपासणीहून फार वेगळा नाही.

जिल्हा-तालुक्याच्या गावांत नेहमी आढळणारी अडचण आणखी साधी आहे. समजा, खामगाव किंवा चिखलीतील एका डॉक्टरांनी गावातल्याच संगणकवाल्याकडून संकेतस्थळ करून घेतले. त्याने नाव नोंदवले ते स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या ई-मेलवर. दरवर्षी पैसे डॉक्टर देतात, पण कागदोपत्री मालक संगणकवाला. तो पुण्याला गेला, धंदा बदलला, किंवा दोघांचे बिनसले की डॉक्टरांच्या हातात काहीच उरत नाही. यात कुणी चोर असायलाच हवा असे नाही. शेतजमिनीचा सातबारा कुणाच्या नावावर आहे हे पाहिल्याशिवाय इथला माणूस एक रुपया देत नाही, पण डोमेनच्या खात्यात नोंदणीदार म्हणून कुणाचे नाव आहे हे विचारायचे राहून जाते. ते नाव रुग्णालयाचे असावे, ई-मेल रुग्णालयाच्या ताब्यातला असावा आणि शक्यतो त्याच डोमेनवरचा नसावा, कारण डोमेन गेले तर तो ई-मेलही जातो. खात्याला ओटीपीचे दुसरे कुलूप लावावे. नाव दुसऱ्या कंपनीकडे हलवता येऊ नये म्हणून रजिस्ट्रारकडे हस्तांतर-बंदीची सोय असते, ती चालू ठेवावी. हस्तांतरासाठी लागणारा गुप्त संकेतांक कुणाला फोनवर सांगू नये.

मुदत संपली म्हणून लगेच सगळे संपत नाही. 'डॉट कॉम' नावांत रजिस्ट्रार साधारणतः ४५ दिवसांपर्यंत सवलतीचा काळ देऊ शकतो, मात्र तो प्रत्येकाकडे वेगळा असतो. त्यानंतर नाव रद्द होण्यासाठी गेले तरी ३० दिवस जादा शुल्क भरून परत मिळवता येते. त्यापुढच्या पाच दिवसांत काहीच करता येत नाही आणि मग ते सगळ्यांसाठी खुले होते. चांगल्या जुन्या नावांवर टपून बसलेले लोक आणि त्यांची यंत्रे त्याच क्षणाची वाट पाहत असतात.

नाव हातचे गेलेच, किंवा कुणी जुळे नाव घेऊन बसला, तर कायद्याची दारे आहेत. 'डॉट इन' नावांसाठी २००५ पासून निक्सीचे तंटा निवारण धोरण आहे. तक्रारदाराला तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: वादातले नाव आपल्या हक्काच्या नावाशी घोळ व्हावा इतके सारखे आहे, समोरच्याचा त्यावर रास्त हक्क नाही, आणि त्याचा हेतू वाईट आहे. लवाद नेमला जातो. त्याने ६० दिवसांत निवाडा द्यावा अशी अपेक्षा असते आणि गरज पडल्यास आणखी ३० दिवस मिळतात. नाव रद्द करण्याचा किंवा तक्रारदाराला देण्याचा आदेश होऊ शकतो. 'डॉट कॉम'साठी १९९९ पासून अशीच आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. या सगळ्यात रुग्णालयाचे नाव व्यापारचिन्ह म्हणून नोंदलेले असेल, तर पहिली पायरी सोपी होते. वैद्यकीय सेवांसाठी व्यापारचिन्हांचा ४४ क्रमांकाचा वर्ग आहे. बहुतेक डॉक्टरांना त्याची कल्पना नसते. दुसऱ्याची ओळख वापरणे किंवा तोतयेगिरी करून फसवणे यासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे.

बँकांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने मूळ दुखण्यालाच हात घातला. सर्व बँकांनी ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'बँक डॉट इन' या राखीव नावाखाली यावे, असा आदेश निघाला. हे नाव बँकेशिवाय कुणाला मिळत नाही, त्यामुळे ग्राहकाला ओळखीची एक खूण मिळाली. पतसंस्थांना हा आदेश लागू नाही, रुग्णालयांना तर नाहीच. खरे तर औषध विकणाऱ्या आणि तपासण्या करणाऱ्या संकेतस्थळांना अशी राखीव खूण बँकांच्याही आधी मिळायला हवी होती.

तोवर वाचकाच्या हाती एक साधी युक्ती आहे. टपालाचा पत्ता आपण 'मु. पो. अमुक, ता. चिखली, जि. बुलढाणा' असा लिहितो, म्हणजे मोठे ठिकाण शेवटी. डोमेनही तसेच असते, म्हणून ते उजवीकडून वाचावे. पहिल्या तिरक्या रेघेच्या अगोदरचे शेवटचे दोन-तीन शब्द खरे, त्यांच्या डावीकडे कुणीही काहीही लिहू शकतो. जन्म-मृत्यू नोंदणीच्या केंद्र सरकारी संकेतस्थळाच्या बनावट आवृत्त्या अशाच चालल्या. नावात 'जीओव्ही' ही अक्षरे होती, पण शेवट 'जीओव्ही डॉट इन' नव्हता. पट्टीतल्या कुलपाच्या चित्रावरही विसंबू नये. आपण आणि ते संकेतस्थळ यांच्यामधले बोलणे तिसरा ऐकत नाही, इतकेच ते कुलूप सांगते. समोरचा प्रामाणिक आहे की नाही, हे ते सांगत नाही. यात्रेकरूंना खोल्या आणि हेलिकॉप्टरची तिकिटे देणाऱ्या बनावट संकेतस्थळांबाबत केंद्राच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये इशारा दिला होता. शेगावला येणाऱ्यांनीही तो लक्षात ठेवावा.

पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा. अपघातातील पहिल्या तासासारखेच इथेही आहे. रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात सरकण्याआधी ती अडवता आली, तर परत मिळण्याची आशा असते. डोमेन गेले असेल तर आधी रजिस्ट्रारला लेखी कळवून पुढचे हस्तांतर थांबवायला सांगावे, जुन्या पावत्या आणि नूतनीकरणाचे ई-मेल एकत्र करावेत, बदललेल्या संकेतस्थळाची तारीख-वेळेसह छायाचित्रे घ्यावीत आणि सायबर पोलिसांकडे तक्रार द्यावी. त्याच दिवशी रुग्णालयाच्या दारावर आणि रुग्णांच्या व्हॉट्सअॅपवर सूचना जावी की जुन्या ई-मेलवर अहवाल मागवू नका, पाठवू नका.