ओढता येईल हो, पण पेलेल का?

१२ ऑक्टोबर २०१२ ची रात्र. अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस शहरात एका पुलाशी ही गर्दी! पुलाखालून मोठा हमरस्ता जातोय आणि पुलावर उभं आहे चक्क एक स्पेस शटल. २५ वेळा अंतराळात जाऊन आलेलं ‘एंडेव्हर’ निवृत्त झालं होतं आणि विज्ञान संग्रहालयात कायमच्या मुक्कामाला निघालं होतं. शहरातून त्याला आणणारा स्वयंचलित गाडा या पुलासाठी फार जड होता. म्हणून पुलापुरतं शटल दुसऱ्या, हलक्या गाड्यावर चढवलं. आता हा गाडा ओढणार कोण? तर एक टोयोटा टुंड्रा! लोक भाजी आणायला घेऊन जातात ती पिकअप. शटल आणि गाडा मिळून वजन साधारण १३२ टन. टुंड्रानं ते सावकाश ओढलं आणि पूल पार केला.

गंमत पुढेच आहे. त्याच टुंड्राच्या मालकाला कंपनी बजावून सांगते, की बाबा रे, साडेचार टनांच्या आसपासचा ट्रेलर ओढ, त्याहून जड जोडू नकोस. काय हे? १३२ टन चालतात आणि सहा टन चालत नाहीत? कुणीतरी थापा मारतंय असं वाटेल. पण दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

सपाट रस्त्यावर चाकांवरची वस्तू सरकवायला फार जोर लागत नाही. वजनाच्या शंभरातला एखाद-दुसरा भाग पुरतो. म्हणजे १३२ टनांसाठी एक-दोन टनांचा जोर. खालच्या गिअरमध्ये, अगदी हळू, तेवढं टुंड्राला जमतं. आता तोच रस्ता जरा चढाचा करा. दर १०० मीटरला ६ मीटर वर चढणारा. लगेच आणखी आठ टनांचा जोर हवा! टुंड्राचं स्वतःचं वजनच अडीच टनांच्या आसपास. इंजिन कितीही गुरगुरलं तरी टायर जागच्या जागी फिरत राहतील आणि गाडी तसूभर हलणार नाही. उलट शटलच तिला मागे ओढत नेईल. शिवाय पुलावर टुंड्राच्या पाठीवर काही ओझं नव्हतं, वेग नव्हता आणि घाट उतरायचा नव्हता. खऱ्या प्रवासात मात्र ही तिन्ही संकटं हजर असतात.

अमेरिकेत बरेच लोक आपलं घरच गाडीला जोडून फिरायला निघतात. घर म्हणजे खरोखर घर बरं का! पलंग, स्वयंपाकघर, फ्रीज, न्हाणीघर, कधीकधी कपडे धुण्याचं मशीनसुद्धा. मुक्कामाला पोचल्यावर बटण दाबलं की भिंत बाहेर सरकते आणि दिवाणखाना मोठा होतो. लांबी दहा-बारा मीटर, सामानासकट वजन पाच ते आठ टन. यातली सगळ्यात जड घरं पिकअपच्या मागच्या बंपरला जोडत नाहीत. ती जोडतात पिकअपच्या हौद्यात, मागच्या चाकांच्या बरोबर वर. हौद्यात एक जाडजूड लोखंडी थाळी बसवलेली असते. तिला मागच्या बाजूनं खाच असते. ट्रेलरच्या पुढच्या भागातून खाली आलेला पोलादी खुंटा, म्हणजे किंगपिन, त्या खाचेत शिरतो. मग थाळीच्या पोटातले जबडे त्याला घट्ट पकडतात. या थाळीला म्हणतात फिफ्थ व्हील, पाचवं चाक. जुन्या घोडागाड्यांच्या पुढच्या आसावर एक आडवं चाक असायचं, वळताना ते फिरायचं. नाव तिथून आलं. १९१४ मध्ये डेट्रॉईटच्या ऑगस्ट फ्रूहॉफ नावाच्या लोहारानं एका लाकूड व्यापाऱ्याची होडी नेण्यासाठी फोर्ड मोटारीमागे असाच जोडगाडा बनवून दिला आणि पुढे त्याचा केवढा तरी मोठा कारखाना झाला. विमानं बनवणाऱ्या ग्लेन कर्टिसनं १९२० च्या दशकाच्या अखेरीस याच पद्धतीचं फिरतं घर बाजारात आणलं.

पण एवढा खटाटोप कशाला? बंपरला काय झालं? बंपर मागच्या चाकांच्याही मागे असतो. तिथे वजन टेकलं की गाडीचं शेपूट दबतं आणि नाक वर येतं. नाक वर आलं की पुढची चाकं रस्त्यावर हलकी पडतात. सुकाणू तर त्याच चाकांच्या हातात! त्यात बाजूनं वारा आला किंवा शेजारून मोठा ट्रक सुसाट गेला, तर ट्रेलर डोलतो आणि डोलता डोलता गाडीची मागची बाजू इकडून तिकडे ढकलतो. खुंटा चाकांच्या वरच असला की त्याला हा दांडपट्टा फिरवायला जागा उरत नाही. म्हणून फिफ्थ व्हील जास्त शहाण्यासारखं चालतं.

फुकट मात्र काहीच नसतं. ही थाळी नुसती ओढत नाही, तिच्यावर ट्रेलर टेकतो. पूर्ण वजनाचा साधारण पाचवा भाग! बैलगाडी भरताना शेतकरी हेच तर बघतो. ओझं मागे जास्त झालं की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्यातले पट्टे आवळतात. ओझं पुढे जास्त झालं की सगळा भार बैलांच्या मानेवर. ट्रेलरचंही तसंच आहे. खुंट्यावर फारच कमी वजन आलं तर तो रस्त्यावर झुलायला लागतो. म्हणून ट्रेलरची चाकं मुद्दाम मधोमध न लावता थोडी मागे लावतात आणि वजनाचा १५ ते २५ टक्के वाटा पिकअपच्या मानेवर देतात.

चला, आता एक पिकअप निवडू या. समजा घर रिकामं असताना साडेचार टनांचं आहे. जाहिरातीत हाच आकडा मोठ्या अक्षरांत छापतात. पण रिकाम्या घरात कोण राहतं? टाकीत २०० लिटर पाणी भरलं की झाले २०० किलो. गॅसच्या टाक्या, भांडी, गाद्या, सायकली, डबाबंद खाऊ असं करत करत घर सहा टनांवर जातं. आपली पिकअप सात टन ओढू शकते असं दुकानदार छातीठोकपणे सांगतो. सहा टन तर सातच्या आत आहेत, झालं काम! नाही ना. आधी ड्रायव्हरचं दार उघडा. दाराच्या चौकटीवर पिवळ्या पट्टीचं एक छोटं स्टिकर असतं. त्यावर लिहिलेलं असतं, की माणसं आणि सामान मिळून इतक्या किलोंच्या वर वजन गाडीत कधीही भरू नका. समजा आकडा आहे १,२०० किलो.

करा बेरीज. सहा टनांचा पाचवा भाग १,२०० किलो. झालं, स्टिकर तिथेच भरलं! अजून ती लोखंडी थाळी बसवायची आहे, तिचे ९० किलो. आई, बाबा आणि दोन मुलं मिळून २४० किलो. हत्यारांची पेटी आणि कुत्रा धरून ५०. एकूण १,५८० किलो. म्हणजे ही पिकअप घर ओढेल, पण पेलणार नाही. मागचे टायर चेपतील, गरम होतील आणि उन्हाळ्याच्या दुपारी भर वेगात फुटूही शकतील. मला विचाराल तर जाहिरातीतला ‘ओढण्याचा’ तो भलामोठा आकडा सगळ्यात कमी कामाचा. दारातलं स्टिकर खरं बोलतं. या कुटुंबाला हवी मागच्या आसाला दोनऐवजी चार टायर असलेली दणकट पिकअप. अशा गाड्या दोन टनांच्या पुढे ओझं पाठीवर घेतात. त्यांची डिझेल इंजिनं ६.६-६.७ लिटरची असतात. आपल्याकडच्या पिकअपचं इंजिन अडीच लिटरच्या आसपास असतं, त्यावरून अंदाज करा.

आणि वजनाचा अंदाज कधी डोळ्यांनी घ्यायचा नसतो. उसाची गाडी साखर कारखान्यात शिरताना आधी काट्यावर जाते ना? अमेरिकेतही महामार्गांवरच्या ट्रक थांब्यांवर वजनकाटे असतात. पुढची चाकं एका पाटावर, मागची दुसऱ्या, ट्रेलरची तिसऱ्या. कुठल्या आसावर किती भार आहे ते थोडे पैसे मोजले की वेगवेगळं छापून मिळतं.

ओढण्याचा आकडा तरी कंपन्या कसा ठरवतात? पूर्वी ज्याची त्याची पद्धत निराळी होती, त्यामुळे आकडे फुगायचे. मग एसएई या अभियंत्यांच्या संस्थेनं जे२८०७ नावाची एक सामाईक परीक्षा तयार केली. आपल्या टुंड्राच्या २०११ च्या मॉडेलनं ती सगळ्यांत आधी दिली. तिच्यातला एक पेपर भारी आहे. कोलोरॅडो नदीवरच्या डेव्हिस धरणापासून ॲरिझोनाच्या वाळवंटात वर चढत जाणारा सुमारे १८ किलोमीटरचा रस्ता. हवा निदान ३८ अंश सेल्सिअस तापलेली हवी. गाडीतला एसी पूर्ण जोरात चालू हवा. मागे ठरलेल्या वजनाचा ट्रेलर. आणि वेग ताशी ६४ किलोमीटरच्या खाली येता कामा नये! मागे चार टायरवाल्या जड गाड्यांना थोडी सूट, त्यांना ५६ चालतो. इंजिन उकळलं की नापास.

चढण्यापेक्षा उतरणं अवघड. कोलोरॅडो राज्यात आय-७० या महामार्गावर आयझेनहॉवर बोगदा आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटर उंचीवर. तिथून पश्चिमेला सिल्व्हरथॉर्न गावापर्यंत रस्ता ६०० मीटरहून जास्त खाली उतरतो. पिकअप आणि घर मिळून १० टन धरा. एवढं वजन एवढं खाली आणताना जी ऊर्जा मोकळी होते, तिच्यात साधारण १९० लिटर गार पाणी उकळीपर्यंत तापेल. काही ऊर्जा हवेचा अडथळा खातो, बाकीची इंजिन आणि ब्रेक यांना पचवावी लागते. सगळा भार ब्रेकवर टाकला तर ते इतके तापतात की पेडल दाबून काही होत नाही. अशा बेफाम गाड्यांसाठी त्या उतारावर रस्त्याच्या कडेला वर चढणाऱ्या खडीच्या वाटा करून ठेवल्या आहेत. तिथे शिरलं की चाकं खडीत रुततात आणि गाडी थांबते.

आपले घाटातले ड्रायव्हरकाका सांगतात, ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. तेच तिथेही. इंजिनानंच गाडीला मागे खेचून धरायचं. शिवाय ट्रेलरला स्वतःचे विजेवर चालणारे ब्रेक असतात. आणि चुकून जोड सुटलाच तर? एक बारीकशी केबल पिकअपला बांधलेली असते. ट्रेलर निसटला की ती ओढली जाते आणि ट्रेलर आपल्याच बॅटरीवर स्वतःचे ब्रेक लावून घेतो.

जोड सुटायचं नेहमीचं कारण फार साधं असतं. खुंटा जबड्यात न शिरता त्यांच्या वरच टेकून राहतो. वरवर बघून वाटतं, लागला! पहिल्या धक्क्याला तो घसरतो आणि सहा टनांचं घर पिकअपच्या हौद्याच्या कडांवर धाडकन बसतं. म्हणून जाणकार माणूस जोडल्यावर वाकून, बॅटरी लावून जबड्यात बघतो. मग ट्रेलरचे टेकू जमिनीवरच ठेवून आणि त्याचे ब्रेक लावून पिकअप हलकेच पुढे ओढून पाहतो. जबडे लागले नसतील तर पिकअप पुढे जाते, घर मात्र टेकूंवर जागच्या जागी उभं राहतं. काही बिघडत नाही. टेकू आधी वर घेतले असतील तर मात्र बिघडतं.

ही थाळी बघायला अमेरिकेला जायला नको. उरणजवळच्या न्हावा-शेवा बंदरातून कंटेनर घेऊन निघणारे ट्रेलर याच पद्धतीनं जोडलेले असतात, फक्त त्यांची थाळी आणखी दांडगी. एखादा ट्रक नुसता, मागच्या ट्रेलरशिवाय उभा दिसला तर केबिनच्या मागे, चाकांच्या वर नजर टाका. ग्रीसनं काळी झालेली थाळी दिसेल. मात्र लांबूनच बघा, जवळ जाऊ नका. वळणाऱ्या ट्रेलरची मागची चाकं पुढच्यापेक्षा बरीच आतून जातात आणि ड्रायव्हरकाकांना तुम्ही तिथे दिसत नाही.