ऋषीच्या भाजीचा विसरलेला अर्थ

भाद्रपद शुद्ध पंचमीस घरोघरीं ऋषीची भाजी होते. बैलाच्या श्रमाचें अन्न त्या दिवशीं वर्ज्य. जें आपोआप उगवलें किंवा परसांत हातानें लावलें, तेंच पानांत वाढावयाचें, असा हा नेम. परंतु आज ती भाजी येते कोठून? बाजारांतून, म्हणजे नांगरलेल्या शेतांतूनच! नेम राहिला, अर्थ मात्र गेला.

हा अर्थ पुन्हा शोधावा म्हणून गेल्या आषाढांत आळींतील चार-पांच कुटुंबें मिळून आम्ही टेंकडीवर गेलों. आम्हां शिकलेल्या मंडळींस जें जें हिरवें तें तें गवत! ऐंशी वर्षांच्या आमच्या आत्याबाईंनीं मात्र वाटेच्या कडेलाच टाकळा दाखविला आणि मुलांस देंठावरील पानांच्या जोड्या मोजावयास सांगितल्या. टाकळ्याच्या जोड्या तीन व पानांचीं टोंकें बोथट. त्याचाच भाऊबंद जो कासविंदा, त्याच्या जोड्या बहुधा चार-पांच व पानें टोंकदार. कासविंद्याच्या बिया विषारी. त्या खाऊन लहान मुलें दगावलेलीं आहेत. तेव्हां पहिला नियम हाच, कीं जाणत्याने खात्री दिल्यावांचून एकही पान तोंडांत घालूं नये. दुसरा नियम, कोंवळे शेंडे खुडावे, मूळ उपटूं नये.

ओळखीइतकीच रांधण्याची रीतही महत्त्वाची. अळूंत व शेवळांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. घसा खवखवतो तो त्यांनींच. आपल्या आजींना स्फटिक ठाऊक नव्हते, पण अळवास चिंच आणि शेवळांस काकडें हवींत, हें पक्कें ठाऊक होतें. ठाकूर-कातकरी स्त्रियांनीं तर ही विद्या आपल्याहून अधिक जपली आहे. त्यांच्याकडून जुडी घेतांना घासाघीस करण्याऐवजीं भाजी निवडण्याची रीत विचारावी.

आत्याबाईंना आतां दिसतें कमी. पुष्कळदां पान बोटांनीं चांचपून त्या नांव सांगतात. त्यांच्यामागें घरांत हें कोण सांगणार, हा प्रश्न परततांना आम्हां सर्वांच्याच मनांत होता. म्हणून मुलांनीं त्या सांगतील तें वहींत टिपावयास आरंभ केला आहे.

टेंकडी दूर असेल त्यांनीं निदान परसांत किंवा गॅलरींतील कुंडींत माठ पेरावा. तो महिन्याभरांत खुडावयास येतो. मोरीच्या ओलीवर अळवाचा एक कंद लावावा. यंदाच्या पंचमीस ताटांतील एक तरी भाजी आपल्या हातची असली, तर नेम खरा पाळला असें म्हणतां येईल.