मँडियन: परक्या नावांखाली झाकलेला धर्म

दक्षिण इराकच्या पाणथळ प्रदेशात आणि इराणच्या खुजेस्तानात तैग्रिस, युफ्रेटिस, कारून या नद्यांच्या काठांवर मँडियन लोक शतकानुशतकं राहत आले. सोन्या-चांदीचं काम आणि होड्या बांधणं हे त्यांचे जुने व्यवसाय. त्यांची नावं ठेवली ती मात्र येणाऱ्या-जाणाऱ्यांनी, आणि बरेचसे गैरसमज त्या नावांतूनच रुजले.

'हे ख्रिस्तीच आहेत.' सतराव्या शतकात बसऱ्याला गेलेल्या कार्मेलाइट मिशनऱ्यांनी नदीतला बाप्तिस्मा पाहिला, योहानाचं नाव ऐकलं आणि त्यांना 'सेंट जॉनचे ख्रिस्ती' ठरवलं. या नावाचं त्यांच्यापैकी एकाचं पुस्तक १६५२ साली रोममध्ये छापलंही गेलं. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला मँडियन लोक फार मानतात हे खरं, पण तो त्यांचा धर्मसंस्थापक नव्हे. परंपरेचा उगम ते आदमापर्यंत नेतात. येशूला त्यांचे ग्रंथ खोटा प्रेषित म्हणतात. ब्रह्मचर्याला इथे पुण्य मानत नाहीत. धर्मगुरूनेही संसार करावा, अशीच अपेक्षा असते. विधीच्या वेळी काठावर रोवतात त्या 'द्राबशा'ला पाहून अनेकांना क्रूस आठवतो. आडव्या-उभ्या काठ्यांवर पांढरं रेशमी वस्त्र सोडलेला तो प्रकाशाचा ध्वज आहे.

'बाप्तिस्मा आयुष्यात एकदाच आणि तोही जॉर्डन नदीत.' दोन्ही चूक. 'मसबुता' पुन्हा पुन्हा घ्यायचा असतो, बहुधा रविवारी, आणि लग्नासारख्या प्रसंगी तर हवाच. पाणी वाहतं असलं म्हणजे झालं. अशा कुठल्याही पाण्याला ते 'यर्दना'च म्हणतात. प्रत्येकाच्या अंगावर 'रस्ता' हा पांढरा पोशाख, धर्मगुरूच्या हातात ऑलिव्हच्या लाकडाची काठी. भक्त आधी स्वतः तीन बुड्या मारतो, मग धर्मगुरू त्याला तीनदा बुडवतो, कपाळावर पाण्याची खूण करतो आणि ओंजळीने तीनदा नदीचं पाणी पाजतो. डोक्यावर मर्टलच्या डहाळीचं कडं येतं. काठावर आल्यावर कपाळाला तिळाचं तेल लागतं, मग छोटी भाकरी आणि पाणी. धर्मगुरू आणि भक्त एकमेकांचा उजवा हात धरतात, त्याला 'कुश्ता' म्हणतात. हे सारं ओल्या कपड्यांनिशी चालतं. पापं धुण्यापुरता हा विधी नाही. वाहतं पाणी वरच्या प्रकाशलोकातून येतं अशी श्रद्धा असल्याने प्रत्येक बुडी त्या लोकाशी नातं ताजं करते.

'ते ग्रहताऱ्यांची पूजा करतात.' कुराणात 'साबी' लोकांचा उल्लेख आहे आणि मुस्लीम राजवटीत मँडियनांची ओळखही तीच राहिली. पण हर्रान शहरातले ग्रहपूजकही स्वतःला साबी म्हणवत, आणि त्यांची कीर्ती यांना चिकटली. मँडियन धर्मग्रंथांत सात ग्रह माणसाला भुलवणाऱ्या दुष्ट शक्ती आहेत. प्रार्थना उत्तरेकडे तोंड करून होते ती ध्रुवताऱ्यासाठी नाही. प्रकाशलोक त्या दिशेला आहे म्हणून.

'धर्म फार उशिराचा असावा.' हा वाद अभ्यासकांचाच. 'गिंझा रब्बा' या मुख्य ग्रंथाची हाती असलेली हस्तलिखितं सोळाव्या शतकाच्या मागे जात नाहीत. नव्या करारातल्या योहानाच्या शुभवर्तमानामागे मँडियन विचार आहे असं रुडॉल्फ बुल्टमान म्हणाले, तेव्हा टीकाकारांनी याच मुद्द्यावर बोट ठेवलं. बुल्टमान यांचा तो दावा आज फारसा कुणी धरत नाही, पण धर्माचं वय हा वेगळा प्रश्न आहे. सेवे-सोडरबर्ग यांनी १९४९ मध्ये मानी या धर्मसंस्थापकाच्या पंथाची काही कॉप्टिक स्तोत्रं मँडियन स्तोत्रांवर बेतलेली असल्याचं दाखवलं, म्हणजे मूळ मँडियन रचना त्या कॉप्टिक स्तोत्रांहून जुन्या. पुढे योरुन बकली यांनी हस्तलिखितांच्या शेवटी नकलकारांनी लिहून ठेवलेल्या नामावळ्या जुळवल्या आणि तो माग तिसऱ्या शतकापर्यंत नेला. मला हे काम सर्वांत मोलाचं वाटतं, कारण त्यात समाजाने स्वतः जपलेली नोंद साक्षीला उभी राहते. त्याआधी ई. एस. ड्रॉवर या इंग्रज लेखिकेने धर्मगुरूंसोबत बसून विधी टिपले. १९३७ चा त्यांचा ग्रंथ अजूनही वाचावा लागतो.

'आता हा धर्म पुस्तकातच उरला.' १८३१ च्या पटकीत सगळे धर्मगुरू दगावले होते. तेव्हा धर्मगुरूंच्या घरातल्या दोन शिकलेल्या तरुणांनी, याह्या बिहराम आणि राम झिहरून यांनी, परंपरा पुन्हा उभी केली. २००३ नंतरच्या हिंसाचारात इराकमधले बहुतेक मँडियन देशोधडीला लागले. आज सिडनीजवळच्या नेपियन नदीत मसबुता होतो. स्वीडनमध्येही मोठी वस्ती आहे. बाहेरच्याला धर्मात घेता येत नाही आणि बाहेर लग्न केलेल्यांच्या मुलांना जुन्या नियमाने स्थान नाही. विखुरलेल्या तरुण पिढीसाठी हा नियम सैल करावा का, यावर समाजात कळकळीने वाद चालू आहे.