राज्याचा अर्थसंकल्प आणि विधिमंडळाच्या समित्या

राज्यशासनावरील बहुतेक पाठ्यपुस्तकांत ‘विधिमंडळ अर्थसंकल्पास मंजुरी देते’ असे एक वाक्य हमखास आढळते. घटनेच्या दृष्टीने ते यथार्थच आहे. परंतु मंजुरी म्हणजे नेमके काय, ती कोणत्या क्षणी दिली जाते, आणि ती देण्यापूर्वी आकड्यांची छाननी कोणी केलेली असते, हे प्रश्न त्या वाक्याच्या आड दडून राहतात. प्रस्तुत लेखात मुख्यत्वे महाराष्ट्राची व केरळची पद्धती समोर ठेवून ह्या प्रश्नांचा विचार करावयाचा आहे.

आरंभी घटनेतील तरतुदींची उजळणी अवश्य आहे. अनुच्छेद २०२ अन्वये राज्यपाल प्रत्येक वित्तीय वर्षाचे जमाखर्चाचे अंदाजपत्रक विधिमंडळापुढे ठेववितात. त्यातील खर्चाचे दोन वर्ग पडतात. राज्यपालांचे वेतन, उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे वेतन, राज्याच्या कर्जावरील व्याज, न्यायालयीन निवाड्यान्वये द्यावयाच्या रकमा इत्यादी खर्च एकत्रित निधीवर भारित असतो. त्यावर चर्चा होऊ शकते, मतदान होऊ शकत नाही. उर्वरित खर्च अनुदानांच्या मागण्यांच्या रूपाने विधानसभेपुढे येतो. आपल्या राज्याच्या अर्थसंकल्पीय प्रकाशनांत ह्या दुसऱ्या वर्गास ‘दत्तमत’ असा नेटका शब्द योजिलेला आहे. अनुच्छेद २०३ प्रमाणे विधानसभा मागणीस संमती देऊ शकते, संमती नाकारू शकते, अथवा रक्कम कमी करून संमती देऊ शकते. रक्कम वाढविण्याचा अधिकार मात्र तिला नाही, कारण राज्यपालांच्या शिफारशीवाचून कोणतीही मागणी करता येत नाही, आणि ही शिफारस मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच होते. मागण्या संमत झाल्यावर अनुच्छेद २०४ प्रमाणे विनियोजन विधेयक येते. ते अधिनियमित झाल्यावाचून एकत्रित निधीतून एक पैही काढता येत नाही.

हा शेवटचा टप्पा वाटतो तितका जुना नाही. १८९२ च्या कायद्याने कौन्सिलांना अंदाजपत्रकावर बोलण्याची मुभा दिली, मत देण्याची नाही. गोपाळ कृष्ण गोखले १८९९ साली मुंबईच्या कायदेकौन्सिलात गेले तेव्हा स्थिती हीच होती. १९१९ च्या सुधारणांनी मतदान आले. परंतु राखीव खात्यांची नाकारलेली मागणी आवश्यक असल्याचा निर्वाळा देऊन गव्हर्नर ती परत घालू शकत असे. १९३५ च्या कायद्याखाली प्रांतांतील संमत खर्चाची अनुसूची गव्हर्नरच्या सहीने प्रमाणित होई. विनियोजनाचा कायदा होत नसे. खर्चाचा अधिकार विधिमंडळाच्या कायद्यातूनच निघाला पाहिजे, हे तत्त्व राज्यांच्या बाबतीत १९५० च्या घटनेनेच प्रस्थापित केले. एवढ्या प्रदीर्घ झगड्याने हाती आलेला अधिकार प्रत्यक्षात कसा वापरला जातो, हे पाहण्याचे कुतूहल म्हणूनच स्वाभाविक आहे.

महाराष्ट्रात अर्थमंत्री विधानसभेत अर्थसंकल्प सादर करतात व विधानपरिषदेत तो राज्यमंत्र्यांकरवी सादर होतो. त्यानंतर सर्वसाधारण चर्चा, विभागवार मागण्यांवरील चर्चा व मतदान, आणि विनियोजन विधेयक, असा क्रम असतो. मागण्यांवर कपात सूचना देता येतात. धोरणाचा निषेध म्हणून मागणी एक रुपयापर्यंत खाली आणावी, काटकसरीसाठी विवक्षित रक्कम कमी करावी, किंवा एखादे गाऱ्हाणे मांडण्यासाठी शंभर रुपयांची लाक्षणिक कपात सुचवावी, असे तिचे तीन प्रकार संसदीय प्रथेत रूढ आहेत. कपात सूचना संमत होणे म्हणजे सरकारवरील विश्वास उडाला असे मानण्याचा संकेत असल्यामुळे बहुमतातील सरकारच्या काळात ती संमत होत नाही. ती मागे घेतली जाते अथवा फेटाळली जाते. शिवाय चर्चेचे दिवस ठरलेले असतात. शेवटच्या दिवशी ठरल्या घटकेला, चर्चा झालेल्या व न झालेल्या अशा सर्व उरलेल्या मागण्या एकदम मताला टाकल्या जातात. ह्यासच गिलोटिन म्हणतात. एखाद्या खात्याचा संपूर्ण वर्षाचा खर्च एकाही सभासदाने तोंड न उघडता संमत होऊ शकतो, तो ह्याच मार्गाने.

आता समित्यांकडे वळू. अर्थव्यवहाराशी ज्यांचा निकट संबंध आहे अशा तीन समित्या राज्यांच्या विधिमंडळांत सामान्यतः असतात : अंदाज समिती, लोकलेखा समिती व सार्वजनिक उपक्रम समिती. नावावरून अंदाज समिती ही मागण्या मताला येण्यापूर्वी अंदाज तपासून देत असावी, अशी समजूत होते, आणि विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत ती वारंवार दिसते. वस्तुस्थिती निराळी आहे. ही समिती केंद्रात १९५० साली, तत्कालीन अर्थमंत्री डॉ. जॉन मथाई ह्यांच्या सूचनेवरून अस्तित्वात आली. लोकसभेच्या नियमांत तिच्याविषयी स्पष्टच म्हटले आहे की, कोणत्याही एका वर्षाचे सर्व अंदाज तपासणे तिच्यावर बंधनकारक नाही, आणि तिने अहवाल दिलेला नसला तरीही मागण्यांवर अंतिम मतदान होऊ शकते. राज्यांतील समित्याही ह्याच वळणावर घडल्या. ही समिती वर्षभरात काही मोजके विषय निवडते, खात्याकडून माहिती मागविते, सचिवांची साक्ष घेते, जिल्ह्यांत दौरे करते, आणि अंदाजांमागील धोरण गृहीत धरून काटकसर व कार्यक्षमता कशी साधेल ह्याविषयी शिफारशी करते. पर्यायी धोरण सुचविण्याची मुभा तिला आहे, पण तीही काटकसर व कार्यक्षमता ह्यांच्याच हेतूने. तिचे काम उपयुक्त नाही असे कोणी म्हणणार नाही. तथापि चालू वर्षाच्या मतदानाशी त्याचा कालसंबंध जुळत नाही.

लोकलेखा समितीचे क्षेत्र तर उघडच मागील वर्षांचे आहे. इंग्लंडात ग्लॅडस्टन ह्यांच्या पुढाकाराने १८६१ साली ती निर्माण झाली. हिंदुस्थानात १९२१ पासून. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक ह्यांचे अहवाल अनुच्छेद १५१ प्रमाणे राज्यपालांकडे येतात व विधिमंडळापुढे ठेवले जातात. त्यांतील परिच्छेद समिती निवडते, खात्याचे स्पष्टीकरण मागविते, आणि महालेखापालांच्या साहाय्याने सचिवांना प्रश्न विचारते. साक्षीला सचिव येतात, मंत्री येत नाहीत. कारण प्रश्न धोरणाचा नसून पैसा ज्या कारणासाठी दिला त्याच कारणासाठी, दिलेल्या मर्यादेत खर्च झाला की नाही, एवढाच असतो. केंद्रात १९६७ पासून विरोधी पक्षाचा सभासद तिचा अध्यक्ष असतो, आणि हा संकेत अनेक राज्यांनीही उचलला आहे.

महाराष्ट्राच्या रचनेत एक लक्षणीय विशेष आहे, ज्याची चर्चा क्वचितच होते. मागण्यांवर मतदान करण्याचा अधिकार केवळ विधानसभेचा. विधानपरिषद धनविधेयक चौदा दिवसांच्या आत शिफारशींसह किंवा त्यांवाचून परत पाठविते, आणि त्या शिफारशी स्वीकारणे विधानसभेच्या मर्जीवर असते. असे असता अंदाज समितीत मात्र दोन्ही सभागृहांचे सभासद बसतात. केंद्राच्या अंदाज समितीत राज्यसभेला स्थान नाही. म्हणजे जे सभासद पैशाला मत देऊ शकत नाहीत ते आपल्या राज्यात पैशाची चौकशी करू शकतात. ह्यात विसंगती पाहावी की शहाणपण, ह्याविषयी मतभेद संभवतो. माझ्या मते हे शहाणपणच आहे. मतदानात पक्षशिस्तीचा पहारा असतो, समितीत तो सैलावतो. आणि चौकशीला मताधिकारापेक्षा अभ्यास व सवड ह्यांचीच गरज अधिक असते.

तरीही मूळ प्रश्न उरतोच : मत देण्यापूर्वी कोण पाहतो? महाराष्ट्रात मागण्या विभागशः समित्यांकडे जाऊन मग सभागृहात मताला याव्यात, असा प्रघात परंपरेने रुजला नाही. केरळाने तो १९८० साली पाडला. तेथे प्रारंभी दहा विषय समित्या नेमण्यात आल्या; पुढे त्यांची संख्या चौदा झाली. सर्वसाधारण चर्चा संपली की मागण्या ह्या समित्यांकडे जातात, समित्या त्यांची छाननी करून अहवाल देतात, आणि त्यानंतर सभागृहात मागण्यांवर चर्चा व मतदान होते. संसदेने हा मार्ग बऱ्याच उशिरा धरला : १९८९ साली तीन विषय समित्या, १९९३ साली सतरा विभागसंबद्ध स्थायी समित्या, आणि २००४ पासून चोवीस. केरळाचा प्रयोग ह्या सर्वांच्या आधीचा आहे, ही गोष्ट दिल्लीकडे पाहून लिहिलेल्या आपल्या ग्रंथांत बहुधा राहून जाते.

केरळाच्या पद्धतीतील एक अंग मात्र विवाद्य आहे. त्या विषयाचे मंत्रीच समितीचे अध्यक्ष असतात. संसदेच्या स्थायी समित्यांत मंत्र्यास सभासदही होता येत नाही. ज्याने मागणी करावयाची त्यानेच तिच्या परीक्षकांचे अध्यक्षस्थान भूषवावे, हे तत्त्वतः खटकणारे आहे, आणि अशा समितीकडून तिखट अहवालाची अपेक्षा धरता येणार नाही. पण दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. लोकलेखा समितीपुढे बसलेला सचिव ‘हा धोरणाचा प्रश्न आहे’ एवढे म्हणून हात वर करू शकतो. मंत्री समोर असता ही पळवाट उरत नाही. मंत्र्याने तेथल्या तेथे शब्द दिला तर तो पाळण्याची शक्यताही अधिक. अहवालाची धार आणि चर्चेचे फलित ही दोन्ही एकाच रचनेतून मिळत नाहीत, असे दिसते.

शिवाय छाननीला वेळ लागतो, आणि वित्तीय वर्ष ३१ मार्चला कोणासाठी थांबत नाही. समित्यांचे काम व्हावयाचे तर अनुच्छेद २०६ खाली काही महिन्यांचे लेखानुदान घ्यावे लागते व पूर्ण अर्थसंकल्प नवे वर्ष सुरू झाल्यावर संमत होतो. केरळात पुष्कळ वर्षे असेच होत आले. दुसरा उपाय म्हणजे अर्थसंकल्पच आधी मांडणे. ज्या राज्यांत मार्चमध्ये अर्थसंकल्प मांडून मार्चमध्येच संमत करण्याची सवय आहे, तेथे समितीला द्यावयास दिवसच शिल्लक नसतात. म्हणून पुष्कळदा छाननीच्या अभावाचे खरे कारण इच्छेच्या अभावाइतकेच पंचांगातही सापडते.

तुलनेसाठी कॅलिफोर्नियाचे उदाहरण क्षणभर घेऊ. तेथे गव्हर्नरने १० जानेवारीपर्यंत अर्थसंकल्प द्यावयाचा, मे महिन्यात सुधारित आकडे द्यावयाचे, आणि विधिमंडळाने १५ जूनपर्यंत तो संमत करावयाचा, असा नियम आहे. मधल्या काळात दोन्ही सभागृहांच्या अर्थसंकल्प समित्या व त्यांच्या उपसमित्या खातेवार सुनावण्या घेतात, रकमा कमी करतात तशा वाढवितातही. त्यांच्या मदतीला १९४१ पासून विधिमंडळाचे स्वतःचे, सरकारपासून स्वतंत्र असे अर्थविश्लेषक कार्यालय आहे. समित्यांनी वाढविलेली बाब गव्हर्नर एकेकटी कमी करू शकतो अथवा खोडू शकतो. ही पद्धती आपणांस जशीच्या तशी घेता येणार नाही. मंत्रिमंडळ जेथे विधानसभेला जबाबदार आहे तेथे खर्चाचा उपक्रम त्याच्याकडेच राहणार. संसदेच्या स्थायी समित्यांनासुद्धा आपल्या अहवालात कपात सूचनेच्या स्वरूपाचे काहीही सुचविता येत नाही. परंतु विधिमंडळाचे स्वतःचे विश्लेषक कार्यालय असण्याला आपल्या घटनेची कसलीही आडकाठी नाही. समितीच्या सभासदाला मिळणारी माहिती ज्या खात्याची चौकशी करावयाची त्याच खात्याकडून येते, हा आजच्या व्यवस्थेतील सर्वांत मोठा उणेपणा मला वाटतो.

संमतीचा विषय मार्चमध्ये संपत नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे. अनुच्छेद २०५ खाली वर्षाच्या मध्येच पुरवणी मागण्या येतात. आपल्याकडे प्रत्येक अधिवेशनात, आणि विशेषतः नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात, त्या येतातच. त्यांच्या चर्चेला मूळ मागण्यांहूनही कमी वेळ मिळतो. राज्याच्या वित्तव्यवहारावरील लेखापरीक्षा अहवालांत तर असेही वेळोवेळी दाखवून दिलेले आढळते की, मूळ तरतूदच पुरी खर्च झालेली नसता पुरवणी मागणी घेतली गेली होती. उलट टोकास, संमत रकमेहून अधिक खर्च झाला तर तो जादा अनुदानाच्या मागणीने विधानसभेकडून नियमित करून घ्यावा लागतो. हे काम लोकलेखा समितीने त्या जादा खर्चाची कारणे तपासल्यानंतर व्हावयाचे असते, आणि ते वर्षानुवर्षे तुंबून राहते.

हा विलंब केवळ कागदोपत्री नाही, हे बिहारच्या उदाहरणावरून दिसते. १९९६ च्या जानेवारीत चाईबासा येथील कोषागारातील व्यवहार उघडकीस आले. पशुसंवर्धन खात्याच्या नावाने विधानसभेने दिलेल्या अनुदानाच्या कितीतरी पट रकमा, खोट्या देयकांवर, काढल्या जात होत्या. मंजूर आकडा आणि काढलेला आकडा ह्यांतील तफावत ही गुप्त गोष्ट नव्हे. ती लेख्यांत उमटतेच. ती पाहून प्रश्न विचारावयाचे स्थान म्हणजे लोकलेखा समिती. पुढे ह्या प्रकरणांत ज्यांच्यावर खटले चालले त्यांत त्या समितीचे अध्यक्षपद सांभाळलेल्या व्यक्तीही होत्या.

समितीचा अहवाल सभागृहास सादर झाला की त्यावर सरकारने काय केले ह्याचा वृत्तांत यावयाचा असतो. अहवालावर सभागृहात चर्चा जवळजवळ होतच नाही. अभ्यासकाने ह्या विषयावर काम करावयाचे ठरविल्यास आरंभ अहवालांतील शिफारशींपासून न करता, त्याच खात्याच्या पुढील दोनतीन वर्षांच्या मागण्यांपासून करावा, असे सुचवावेसे वाटते. शिफारस झालेले लेखाशीर्ष, त्याखालील रक्कम, आणि त्यासोबतचे स्पष्टीकरण ही तिन्ही शेजारी ठेवली असता समितीच्या शब्दाने प्रत्यक्ष काही हलले की नाही, हे तपासता येते. ही प्रकाशने विधिमंडळाच्या ग्रंथालयात व वित्त विभागाच्या संग्रहात उपलब्ध असतात.